हळदीचं धोतर आणि निळी नवरी

मुंजाजीचं घरापेक्षा कॅमेऱ्यावर जास्त लक्ष, असं त्याची बायकोच चारचौघांत सांगायची. नव्वदच्या सुमाराला व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर टाकून हा गंगाखेडचा गडी गावोगावची लग्नं काढत फिरायचा. चित्रात मुंग्या आल्या की टेप जिच्यावरून फिरते त्या हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा, पट्टे दिसले की ट्यूबलाइट बंद करायला लावायचा. चित्र बिघडलं की स्वारी उलट खुशीत!

पोखर्णीच्या किशनरावांकडे लेकीचं लग्न होतं. त्यांची बायको सारजाबाई मांडवात त्याला म्हणाली, "भाऊ, लग्न लागताना आईनं बघायचं न्हाई, तुळशीला पाणी घालत बसायचं, अशी रीत हाय आमच्यात. अक्षता तेवढ्या नीट काढा. मी मागून बघन."

लेक नांदायला गेल्यावर मुंजाजीनं त्यांच्या ओसरीवर टीव्ही मांडला, टेप लावली, आणि बघतो तर काय. नवरी निळी, नवरदेव निळा, भटजीसुद्धा निळे!

"अगं बाई! माझी लेक अशी कामून दिसायलीय?" सारजाबाई घाबरून म्हणाली.

मुंजाजीनं हेड पुसलं, वायर बदलली. निळं ते निळंच. तेवढ्यात किशनराव शेतातून आले. लग्नातलंच धोतर, धुऊनही पिवळं. मुंजाजीनं कपाळावर हात मारला. शूटिंगआधी कॅमेऱ्याला काहीतरी पांढरं दाखवावं लागतं, त्यावरून तो बाकीचे रंग ठरवतो. मुंजाजीनं घाईत हेच हळदीनं माखलेलं धोतर दाखवलं होतं. कॅमेऱ्यानं पिवळ्यालाच पांढरं मानलं आणि सगळं वऱ्हाड निळं केलं. डोळा लावायच्या काचेत तर काळंपांढरंच दिसायचं, मग कळणार कसं?

टेपवरचा रंग आता बदलणार नव्हता. त्यानं टीव्हीचं रंगाचं बटण पार खाली आणलं. रंग गेले, पण माणसं माणसांसारखी दिसायला लागली.

"काकू, चुकलो. शालूचा रंग गेला."

"जाऊ द्या. मला काय शालू बघायचाय?"

पडद्यावर अंतरपाट सरला, अक्षता पडल्या. सगळ्यांचे डोळे नवरदेवावर, पण नवरीची मान घराच्या दाराकडे वळलेली. गर्दीत ती कुणालातरी शोधत होती.

सारजाबाई सरकत सरकत टीव्हीपाशी गेली. काचेवरून हात फिरवत लेकीला म्हणाली, "मी तुळशीपाशी हुते की गं, माय."

कुणी सांगायच्या आत मुंजाजीनं टेप मागं नेली आणि अक्षता पुन्हा लावल्या.