त्याचं ‘येतो’ म्हणणं

बायांनो, अशा जवळ या. ते मोबाइल ठेवा बाजूला. सणावारालाही मावशी आठवत नाही तुम्हाला, आणि वरून मीच फार बोलते म्हणता. ऐका.

आमच्या सिंधीपुऱ्यात शेजारचा पोरगा, आता नेव्हीत आहे. निघताना दारात थांबून म्हणायचाच, "येतो मावशी." आपल्यात जातो म्हणत नाहीत ना, तसं. पण घरात मराठी, गल्लीत हिंदी. हा तेच हिंदीत करून वाटत सुटायचा. एकदा रिक्षातून उतरला नि म्हणाला, "आता हूँ भैया." रिक्षावाला बिचारा उन्हात थांबून राहिला! शेवटी मलाच विचारायला आला, लडका किधर गया? लडका घरात जेवत होता. हसून हसून मी खालीच बसले.

पोहायला तापीत शिकला, आईची बोलणी खात.

मागच्या पावसाळ्यात याचं जहाज समुद्रात असताना जवळच प्रवाशांची लाँच उलटली. माणसं वाचवायला होड्या सोडल्या, एकीत हा. उलट्या लाँचला धरून एक म्हातारी आणि तिचा नातू लटकलेले. लाटा अशा की एका वेळी एकालाच आणता येईल. यानं पोराला घेतलं आणि सवयीनं बोलून गेला, "आता हूँ, माँजी."

मला म्हणाला, "मावशी, मी तर निरोप घेतला होता. अंगात ताकदच नव्हती. वाटलं, तिला दुसरं कुणी घेईल."

पोराला होडीत चढवेपर्यंत याचा खांदा निखळला. साहेबांनी आता बस म्हणून सांगितलं. याच्या होडीतला दुसरा पोरगा म्हातारीजवळ पोचला, तर ती लाँच सोडेना. मान हलवून याच्याकडेच खूण करत राहिली. तो येतो म्हणालाय ना, मग तोच येईल.

"मग रे?"

"मग काय, गेलो."

एका हातानं पोहत गेला. तिनं याची कॉलर धरली तेव्हा कुठं लाँच सोडली. दोघांनी मिळून आणलं तिला.

सुट्टीवर आला तो हात गळ्यात बांधून. आई भरीत-भाकरी भरवत होती. पोराला परत पाठवायचंच नाही, केळीच्या शेतात लक्ष घालू दे, असं तिनं ठरवून टाकलं होतं. घास देता देता तिनं विचारलं, "आणि तू बुडाला असतास तर?"

तो खाली बघत म्हणाला, "आई, ती वाट बघत होती ना."

तिचा घास हातातच राहिला. मग भरवला. खांदा बरा झाल्यावर तिनंच त्याचे कपडे इस्त्री करून बॅगेत ठेवले. मी बघितलं, एकेक घडी हातानं दाबत होती.

आता तो समुद्रावर. तिथं फोन लागत नाही. त्याची आई संध्याकाळी ओट्यावर शेंगा सोलत बसते, मीही जाते. बोलते मी, ती ऐकते, आणि मधेच गल्लीच्या तोंडाकडे बघते. माझ्या एकटीनं तिची संध्याकाळ सरत नाही गं. शेंगा पुष्कळ आहेत. तुम्हीही या, लवकर या.