मॅडमच्या परीक्षेतला पेशंट

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, तेव्हा मी काही लिहावं हे जरा जास्तच होतंय, सांभाळून घ्या. पण काल शेजारच्या आजोबांना सोनोग्राफीला नेलं, तिथे जेलची बाटली दिसली आणि राहवेना. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमची परीक्षा होती. इथल्या आणि परदेशातल्या सोनोग्राफीच्या संघटनांनी मिळून तपासणीचे सारखे नियम ठरवले होते. त्या नियमांच्या परीक्षेत पास झाल्या तरच मॅडमना परळच्या हॉस्पिटलात इतर डॉक्टरांना शिकवता येणार होतं. पेशंट म्हणून मी उपाशीपोटी आडवा झालो. लालबागहून निघताना आईने बजावलं होतं, "गप रव, मॅडम सांगतत तसा कर." पोटावर गार जेल पडलं. मॅडम म्हणाल्या, "श्वास घे, धरून ठेव," आणि तेवढ्यात परदेशी परीक्षक बाईंनी त्यांना काहीतरी विचारलं. मॅडम इंग्रजीत उत्तर देत राहिल्या, मी श्वास धरून राहिलो. कानात शिट्टी वाजू लागली, छतावरचा एक दिवा दोन दिसू लागला. शेवटी बाईच ओरडल्या. मॅडम दचकल्या, "अरे, सोड की!" मी धापा टाकत म्हटलं, "तुम्ही सांगितलंच नाही, मॅडम." सगळे हसले, पण पेशंटकडे लक्ष ठेवणं हाही नियमच होता, बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि मॅडमचा चेहरा उतरला. पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्यासमोर जायचं टाळलं. मग एकदा त्यांनीच जिन्यात गाठलं, "पास झाले रे! आणि बाई विचारतायत, पुढच्या परीक्षेला हाच मुलगा मिळेल का?"