सोयरे बार्ज पाहायला आले

सोयरीक जुळवायची तर मुलीकडचे आधी मुलाचं घर पाहायला येतात. आमच्याकडे ते आले तेव्हा धरण तुडुंब होतं आणि आमचं घर तरंगत होतं.

कारंज्यात माझा भंगाराचा धंदा आहे. कोकणातल्या खाडीत कौलं आणि भात वाहून म्हातारा झालेला हा इंग्रजांच्या काळातला लोखंडी बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, मी तोडायला म्हणूनच घेतला होता. ट्रेलरवर चढवण्यासाठी त्याचे तुकडे केले आणि इथे आणून ते पुन्हा जोडले. का जोडले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. थोरल्या भावाने ‘हे घर माहं हाये’ म्हणत मला बायकोपोरासकट बाहेर काढलं होतं, तो राग काही जात नाही. धरणाच्या फुगवट्याला लागून माझी पडीक जमीन आहे. उन्हाळ्यात बार्ज तिथे चिखलात बसतो, पाणी चढलं की वर उचलला जातो. जिथे माल भरायचे तिथे आता आमच्या खोल्या आणि स्वयंपाकघर आहे.

काठावरून आत यायला एकच फळी. दिवस मावळला की मी ती आत ओढतो. मग न विचारता माझ्या घरात पाय टाकायची कोणाची हिंमत नाही.

मुलीचा बाप किन्हीराजाचा, वीज खात्यात लाइनमन. मी पूर्ण तयारीत होतो. ओल, डास, साप, लोक काय म्हणतील, सगळ्याला उत्तर तयार होतं. अगदीच अडलं तर कारंज्यात मुलासाठी घेऊन ठेवलेला फ्लॅट पुढे करायचा होता. पण त्यातलं त्याने काहीच विचारलं नाही. पोहे खाल्ले, पत्र्यावर बोटं वाजवली, बोर्ड उघडून पाहिला. “वायरिंग चांगली हाये,” एवढंच म्हणाला. गिऱ्हाईक मालाला नाव ठेवत नाही तेव्हा एक तर त्याला घ्यायचं नसतं, नाही तर तो माझ्याहून पक्का असतो. हा कोणता, ते कळेना.

निघताना तो फळीपाशी थांबला.

“हे कोन ओढते?”

“मीच.”

“अन् माही पोरगी रुसून माहेरी निघाली तं?”

“सकाळी जाईन की पोरगी. अन् रुसन कायले?”

“रुसनं काय सकाळची वाट पाह्यते, भाऊ?”

माझं डोकं सटकलं. “मी काय सुनेले कोंडून ठेवनारा दिसतो तुमाले? बाहेरच्यानं आत येऊ नये म्हनून हाये ते!”

“असंन,” तो शांतपणे म्हणाला. “पन फळी तं एकच हाये.”

आत कप धुणारी माझी बायको हसली. “पाहुणे, मी दोनदा निघाली होती पिशवी घेऊन. दोन्ही खेपेले दारातूनच वापस. याहीले पत्ताबी नाई.”

खरंच पत्ता नव्हता. कधी निघाली होती, कशावरून, विचारलं तर सांगेना.

आठवड्याने त्याचा फोन आला. मुलीला मुलगा पसंत होता. अट एकच: तिच्या खोलीला काठाकडे वेगळं दार आणि वेगळी फळी, आणि ती फळी दुसऱ्या कोणी ओढायची नाही. मी भडकलो, मग समजावलं, शेवटी फ्लॅट काढला.

“फ्लॅट राहू द्या,” तो म्हणाला. “फळीचं बोला.”

फ्लॅट सोडून फळी मागणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. यात त्याचा फायदा काय, काही उलगडेना. मुलगा समोर ताट घेऊन बसला होता, जेवत नव्हता.

“बाबा, इथं तरी भाव करू नका.”

मी हो म्हणालो आणि फोन आपटला. दुसऱ्या दिवशी गॅस कटर घेऊन पत्र्यात दाराएवढा चौकोन मीच कापला. त्या दारातून माझा भाऊही उद्या आत येऊ शकतो, हे कापताना सारखं मनात येत होतं.

लग्न झालं. सून अजून रुसलेली नाही. रुसली असेल तर मला ठाऊक नाही. संध्याकाळी मी माझी फळी ओढून घेतो. पलीकडे तिची फळी काठाला टेकलेलीच असते. मग मी माझी कशासाठी ओढतो, ते मलाच समजत नाही.