बारदान वजा

माणसाचं खरं वजन तो गेल्यावरच कळतं, असं चेअरमनसाहेब शोकसभेत म्हणाले. कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता, लाउडस्पीकर मधूनमधून शिट्टी मारत होता, आणि किसन कांबळेचा मोठा केलेला फोटो खुर्चीवर ठेवून त्याला हार घातला होता. किसन जिवंत असताना त्या खुर्चीवर कधी बसला नव्हता. टाळ्या वाजवायच्या नसतात हे विसरून दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होतो. किसनचं खरं वजन त्रेसष्ट किलो चारशे ग्रॅम होतं आणि मला ते त्याच्या हयातीतच माहीत होतं. सोळा वर्षं माहीत होतं.

आम्ही दोघं एका गावचे, जळकोटच्या अलीकडच्या. त्याचं घर बौद्धवस्तीत, आमचं वेशीजवळ. शाळेत एका बाकावर होतो आणि तालमीत एका बारवर. बार म्हणजे बैलगाडीचा लोखंडी आख, आणि त्याच्या दोन्ही टोकांना बांधलेले जात्याचे दगड. तालमीच्या भिंतीवर आम्ही वर्तमानपत्रातला एक फोटो चिकटवला होता. रशियाचा कुणी ऑलिम्पिकवीर, पोट मांजरपाटाच्या गाठोड्याएवढं, डोक्यावर बार वाकलेला. त्याचं नाव आम्हाला नीट वाचता येत नव्हतं, म्हणून किसन त्याला 'पाव्हणं' म्हणायचा. "पाव्हणं आज लई बघायलेत, दत्त्या. पाठ सरळ ठेव." तो मला शिकवायचा आणि मी त्याच्याशी स्पर्धा करायचो. दोन्हीत त्याला मजा वाटायची. पुढं जिल्ह्याकडून तालमीला खरा बार आणि खऱ्या चकत्या आल्या तेव्हा जात्याचे दगड आम्ही परत करायला गेलो, तर बायकांनी घेतलेच नाहीत. दळायला काही नव्हतं. बाहत्तरचा दुष्काळ सुरू झाला होता.

त्या उन्हाळ्यात राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याची निवड चाचणी आमच्याच गावात ठरली. एका वजनगटातून एकच माणूस पुण्याला जाणार. आमचा गट साडेसदुसष्ट किलोपर्यंतचा, आणि त्यात किसन आणि मी सोडून तिसरा कुणी नव्हता. पुण्याला जो चमकेल त्याला पोलिसात नाहीतर रेल्वेत घेतात, असं सगळे सांगत. माझ्या दृष्टीनं तो मानाचा प्रश्न होता. घरी विहीर होती, तळाला का होईना पाणी होतं, दोन म्हशी होत्या. किसन जळकोटच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचा, दुपारी दुष्काळी कामावर वाटतात ती सुकडी खायचा, घरी रेशनच्या लाल मिलो जोंधळ्याची भाकरी, तीही तिघांत दोन. सांजेला येऊन वजन उचलायचा. वर्षभरात तो चार किलो वाळला होता. "मुकादमाला म्हणलं," तो एकदा म्हणाला, "पुण्याला गेलो तर परत येत न्हाय. तर म्हणतो, घण ठिवून जा."

आमच्या खेळात एक नियम आहे. दोघांनी सारखंच वजन उचललं, तर ज्याचं अंग हलकं तो जिंकतो. म्हणजे दुष्काळानं किसनला एक गोष्ट दिली होती, एवढी एकच, आणि तिचा उपयोग व्हायची वेळ आली होती.

चाचणीच्या दिवशी चेअरमनसाहेबांनी (हेच, तेव्हा ते गावच्या सोसायटीचे चेअरमन होते) नारळ फोडला आणि ऑलिम्पिक या विषयावर पाऊण तास भाषण केलं. ऑलिम्पिकची सुरुवात आपल्याच पुराणात झाली असा त्याचा गोषवारा होता. तालमीत वजनकाटा नव्हता. म्हणून सोसायटीच्या गोदामातला काटा, आणि काट्यावर सोसायटीचे मापाडी गुरप्पाकाका. तीस वर्षं त्यांनी ज्वारी, करडई, तूर यांशिवाय काही मोजलं नव्हतं. त्यांची एक पद्धत होती. पोतं काट्यावर आलं की वजन सुरात म्हणायचं, मग रिकाम्या पोत्याचा एक किलो कापायचा, "बारदान वजा!" आणि उरलेला आकडा लिहून घ्यायला सांगायचं. सगळ्या पंचक्रोशीचं धान्य त्या सुरातून गेलेलं.

मी लंगोटावर काट्यावर उभा राहिलो. गोदामात काका, लिहून घेणारे शाळेचे एक गुरुजी आणि मी, एवढेच. काकांनी काट्याच्या दांडीवरचं वजन सरकवलं, डोळे बारीक केले. "चौऱ्याहत्तर... न्हाय न्हाय, चौसष्ट! चौसष्ट किलो, बारदान वजा, त्रेसष्ट!" गुरुजींनी त्रेसष्ट लिहिलं. मला हसू आलं. तोंड उघडलंसुद्धा... आणि मिटलं. एवढंच झालं. पुष्कळांना वाटतं, असलं काही करताना माणूस आधी ठरवतो, मनाशी झगडतो. मी काही ठरवलं नव्हतं. मी फक्त धोतर गुंडाळायला घेतलं.

मग किसन आला. मी दाराशीच होतो. काकांनी सूर लावला, "त्रेसष्ट चारशे, बारदान वजा..." आणि किसन काट्यावरच हसायला लागला. "ओ काका, मला कुठलं बारदान? लंगोट हाय फकस्त, त्यो बी फाटका. जे हाय ते लिवा." काकाही हसले, गुरुजीही हसले. त्रेसष्ट चारशे लिहिलं गेलं. मी पण हसलो, कारण सगळे हसत होते.

गोदामाच्या दारावर खडूनं आकडे मांडले तेव्हा किसन बराच वेळ ते बघत उभा राहिला. "दत्त्या, तू कवा वाळलास रं?"

"उपास धरलेत," मी म्हणालो. "शनिवार, सोमवार."

"असं व्हय. मग बरूबर हाय." आणि खांद्यावर हात टाकून म्हणाला, "म्या बी धरलेत की. रोजचे."

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. स्नॅचमध्ये, म्हणजे एका झटक्यात डोक्यावर नेण्यात, त्यानं ऐंशी उचलले, मी पंचाहत्तर. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी छातीवर घेऊन मग वर नेण्यात, त्यानं शंभर सहज उचलले. मी एकशे पाच उचलतो हे त्याला ठाऊक होतं, आणि कागदावर तो माझ्यापेक्षा जड होता, त्यामुळे बरोबरी त्याला परवडणार नव्हती. शेवटची उचल त्यानं एकशे पाच मागितली. छातीपर्यंत आणली, डोक्यावर नेली, आणि डावा गुडघा लटपटला. बार त्याच्यामागे पडला तेव्हा गोदामातली कबुतरं उडाली. खरे आकडे लिहिलेले असते तर त्याला ती उचल करायची गरजच नव्हती. शंभरावर थांबून तो घाम पुसत बसला असता. मग मी एकशे पाच उचलले. बेरीज दोघांची एकशे ऐंशी. हलका म्हणून मी जिंकलो. हार चेअरमनसाहेबांनी घातला, आणि खांद्यावर उचलून घेणाऱ्यांत किसन पुढे होता.

पुण्याला मी स्नॅचच्या तिन्ही उचली पाडल्या. हिशेबात माझं नाव आलंच नाही. पण भाग घेतल्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर 'राज्यस्तरीय' असा शब्द होता, आणि दोन वर्षांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्या शब्दावर मला नोकरी लागली. उसाच्या गाड्या मोजण्याच्या काट्यावर. किसन त्याच कारखान्यात गोदामाला हमाल म्हणून लागला. शंभर किलोचं साखरेचं पोतं पाठीवर घ्यायचं, थप्पीवर चढवायचं, दिवसभर. पहिल्या दिवशी काट्याच्या खिडकीशी येऊन त्यानं मला "साहेब" म्हटलं. मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. त्या दिवसापासून 'दत्त्या' गेला आणि 'तुम्ही' आलं.

तरी दुपारची भाकरी तो माझ्या खिडकीखालच्या ओट्यावरच खायचा. बसायला एक रिकामं पोतं, चार घड्या घातलेलं. इतर हमाल झाडाखाली बसत, तो इथं. बोलायचो आम्ही पावसाचं, पोरांच्या शाळेचं, ऑलिम्पिक आलं की त्याचं. रेडिओवर कुणीतरी कुठं विक्रम मोडल्याचं कळलं की तो म्हणायचा, "पाव्हण्यांना मागं टाकलं म्हणं." सांगून टाकावं असं मला वर्षातून दोनतीनदा वाटायचं. मग गाडी यायची, आणि मी काट्याकडे वळायचो. चौदा वर्षांत इतक्या सोयीनं आलेल्या गाड्या दुसऱ्या कुणाच्या नशिबी नसतील.

गेल्या थंडीत त्याची छाती धरली. जिल्ह्याच्या दवाखान्यात त्याला ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा त्याची बायको, सखूबाई, चहा आणायला खाली गेली होती. त्याचे हात पांघरुणावर पडले होते, अजून तसेच रुंद. मी म्हणालो, "किसन, ते चाचणीच्या दिवशीचं वजन..."

"बारदान व्हय?" तो म्हणाला.

खोलीत दुसरा रोगी खोकत होता. त्याचं होईपर्यंत मी थांबलो. "तुला कधी कळलं?"

"त्याच सांजेला. गुरप्पाकाका आलते घरी. रडाय लागलं म्हातारं. म्हणलं, चूक झाली लेकरा, चल चेअरमनकडं जाऊ. म्या न्हाय म्हणलं."

"का?"

"म्हणलं, दत्त्या सांगंल की. आज न्हाय तर उद्या." त्यानं श्वास घेतला. "ओट्यावर बसायचो ते त्याच्यासाठीच, साहेब. नाहीतर झाडाखाली गार सावली हुती."

माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण तेवढ्यात सखूबाई चहा घेऊन आली आणि तिनं पहिला कप मला दिला. मी तो प्यायलो. आठ दिवसांनी गेटवरच्या शिपायानं खिडकीशी येऊन सांगितलं की किसन गेला. तेव्हा काट्यावर गाडी होती. मी तिचं वजन लिहून घेतलं, मग खुर्चीतून उठलो.

शोकसभा संपल्यावर मी काट्यावर परत आलो. ओट्यावर त्याचं पोतं तसंच होतं, चार घड्यांचं, मधोमध खोलगट. झाडूवाला म्हणाला, "टाकू का साहेब, लई जुनं झालं." मी ते उचलून गोदामातल्या लहान काट्यावर ठेवलं. वर्षानुवर्षं बसून विरलेलं, साखरेचा कण नाही. साडेपाचशे ग्रॅम भरलं. आमच्या दोघांत त्या दिवशी खरा फरक सहाशेचा होता, मी जड. म्हणजे हे बारदान माझ्यातून रीतसर वजा केलं असतं, तरी पन्नास ग्रॅमनं किसनच पुण्याला गेला असता.