नलूकाकूंची गिरणी आणि माझा पासपोर्ट

माझी आंतरराष्ट्रीय कारकीर्द भोकरदनच्या एका पिठाच्या गिरणीवर सुरू झाली आणि तिथेच संपणार होती.

मी आधी बी.कॉम. केलं, मग एसटीनं संभाजीनगरला ये-जा करत अर्थशास्त्रात एम.ए. आवडता विषय माहितीचं अर्थशास्त्र. व्यवहारात एकाला सगळं माहीत आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं झालं की बाजाराचा कसा विचका होतो, ते त्यात शिकवतात. त्या पेपरात मला शंभरपैकी ब्याऐंशी मार्क पडले. (हे मी त्या काळात भाजीवालीलाही सांगितलं होतं.)

या मार्कांच्या जोरावर मला टांझानियात, दार-ए-सलामला, डाळींच्या एका व्यापारी कंपनीत नोकरी लागली. तिकडची तूर इकडे येते, तिचे भाव आणि करार मी बघायचे. माझ्या वडिलांना, आप्पांना, हे काही केल्या पटेना. "आपल्या रानात तूर है," ते म्हणाले, "मंग तूर बघायला आफ्रिकेत कशाला जाती?" मी त्यांना मागणी-पुरवठा समजावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की कंपनीनं सांगितलेल्या दीड महिन्यात रुजू झालीस तर झालीस, नाहीतर स्थळं बघायची. माझ्याकडे तेव्हा साधा पासपोर्टही नव्हता.

मी अर्ज टाकला. पण आप्पांचा काय भरवसा? ते मुदतीआधीच एखादं स्थळ आणतील अशी मला धास्ती होती. आमच्याकडे मुलगी बघायला येण्याआधी मुलाकडचा कोणीतरी गुपचूप येऊन गल्लीत चौकशी करतो. आणि आमच्या गल्लीत चौकशी म्हणजे समोरच्या नलूकाकूंची पिठाची गिरणी. अख्ख्या गल्लीचं दळण त्यांच्याकडे, त्यामुळे अख्ख्या गल्लीची माहितीही त्यांच्याकडे. मी सरळ काकूंना गाठलं आणि सांगितलं, की कोणीही माझी चौकशी करायला आलं तर माझ्याबद्दल वाट्टेल ते वाईट सांगा. काकूंचा माझ्यावर फार जीव. त्यांनी पदराला हात पुसत शब्द दिला. बाजारात चुकीची माहिती पेरून निकाल आपल्या बाजूला वळवायचा, असा माझा डाव होता. मी स्वतःवर भलतीच खूश होते!

आठवडाभरानं आम्ही सगळे आष्टीला लग्नाला गेलो होतो. परत आलो तर काकू गिरणीच्या दारातच उभ्या.

"आशे, आल्ता एकजण," त्या म्हणाल्या. "चेकचा शर्ट, काखेत फाईल. पार पळवून लावला त्याला."

मी कुठे राहते असं त्यानं विचारल्यावर काकूंनी सांगितलं, की ती इथं राहतच नाही, वर्षातून दोनदा तोंड दाखवते. वागायला कशी, तर महाभांडखोर, याच गिरणीवर तिनं दोन बायकांची डोकी फोडली. वर काकूंनी त्याला आपली भाची सुचवली. भाचीचं ऐकून तो माणूस गोंधळला होता म्हणे, पण सगळं लिहून मात्र घेत होता. मला जरा नवल वाटलं. इतकं लिहून घेणारं स्थळ मी कधी ऐकलं नव्हतं. तरी मी काकूंना पेढे दिले.

चौथ्या दिवशी फोनवर मेसेज आला, की पासपोर्टसाठीचा पोलीस अहवाल प्रतिकूल आहे. पोलीस आले कधी? त्यांनी फोनही केला होता म्हणे, पण अनोळखी नंबर म्हणजे स्थळवालेच, असं धरून मी एकही उचलत नव्हते. मी आणि आप्पा ठाण्यात गेलो. चेकच्या शर्टातल्या हवालदारांनी फाईल उघडून वाचायला सुरुवात केली आणि दोन बायकांच्या डोक्यांपाशी आल्यावर आप्पा माझ्याकडे वळले.

"कोणत्या बाया?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

मुदतीचे तीन आठवडे उरले होते. मी धावत जाऊन काकूंना घेऊन आले. काकूंनी ठाण्यात पाऊल टाकताच पवित्रा बदलला. पोरगी गरीब गाय आहे, जन्मापासून इथंच आहे, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. हवालदार एकदा कागदाकडे बघत, एकदा काकूंकडे.

"बाई, ह्यातलं खरं कोणतं?"

"साहेब," काकू उलट त्यांच्यावरच रागावल्या, "तुमी कोणाकडून आल्ते ते आधी सांगायचं न्हाई का?"

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मग मी माझा सगळा उपद्व्याप त्यांना, आप्पांसमक्ष, पहिल्यापासून सांगितला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. पुन्हा चौकशी झाली आणि मुदतीच्या दोन दिवस आधी सगळे कागद हातात आले. निघताना मी काकूंना बजावलं, की इथून पुढे कोणीही विचारलं तरी त्या दिवशी ठाण्यात सांगितलंत तेच सांगायचं, त्यात काना-मात्रेचा बदल नको.

दार-ए-सलामला माझं बरं चाललंय. माल देणारे व्यापारी भरवशाचे आहेत की नाहीत, याची चौकशी करायचं काम माझ्याकडे आहे. साहेब म्हणतात, माझ्यासारखी चौकशी कोणी करत नाही. तिथेच नांदेडचा एक सहकारी मला मनापासून आवडला. त्यालाही मी आवडले. घरच्यांना सांगितलं, तेही खूश झाले. मग रिवाजाप्रमाणे त्याचे मामा गुपचूप भोकरदनला जाऊन आले, आणि त्यांच्या घरून एकाएकी फोन यायचे थांबले.

मी घाबरत काकूंना फोन लावला.

"बराबर सांगितलं की," काकू अभिमानानं म्हणाल्या. "पोरगी हितंच राहती, गाव सोडून कुठं जात न्हाई. अन् तिच्यावर एकबी केस न्हाई. पोलिसांनी दोनदा चौकशी केली, काई सापडलं न्हाई."

शंभरपैकी ब्याऐंशी. उरलेले अठरा कुठे गेले, ते मला आता कळलंय.