खाडीचा दुपारचा आकडा

डोंबिवलीत तीस वर्षं काढली, पण खाडी पाहिली ती पुलावरूनच, तीही नाक मुरडून. निवृत्त झाल्यावर या विज्ञानाच्या मास्तरला पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं खूळ लागलं. गेल्या महिन्यात भर दुपारी काठावरून मीटर बुडवला आणि आकडा झकास आला. शेजारीच खाडीत मासेमारी करणारे बाळारामदादा विकायला काढलेली होडी गिऱ्हाइकाला दाखवत होते. "पाणी चांगलं आहे दादा, विकू नका," मी ऐटीत सांगितलं. त्यांनी गिऱ्हाईक परत पाठवलं.

परवा त्यांनीच बोलावलं म्हणून उजाडता उजाडता रेतीबंदरावर गेलो. होडीत चढताना पाय चिखलात रुतला आणि एक चप्पल तिथेच राहिली. दादांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. चव अशी, की वास विसरलो.

"सुकट बाजारातली हाय," ते म्हणाले. "आपल्या खारीत (खाडीत) काय गावतंय आता?"

पलीकडे भिवंडीच्या बाजूला तिवरं हिरवीगार होती. पाणीही हिरवंच, वाटलेल्या पालकासारखं. मधोमध बोयी (खाडीतले चपळ मासे) वर येऊन तोंडं उघडमीट करत होत्या.

"बगा मास्तर, मासली दम घ्याला वर आलीय."

मीटर बुडवला. जवळजवळ शून्य. पुन्हा बुडवला, तेच. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. गटारातून येणाऱ्या खतावर माजलेलं सूक्ष्म शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच तो ओढून घेतं आणि मेलं की कुजताना उरलासुरलाही संपवतं. हे मी जन्मभर फळ्यावर शिकवलं, आणि मोजायला गेलो भर दुपारी!

मी चूक कबूल केली. दादा रागावले असते तर बरं झालं असतं.

"पयली मासली खारीला परत द्याची, आमची रीत हाय," जाळं ओढत ते म्हणाले. "ती जगली तं होरी (होडी) ठेवतो."

जाळ्यात एक बोय आली, जिवंत. दादांनी ती दोन्ही हातांनी पाण्यात सोडली. ती जरा पुढे गेली, कलंडली आणि पांढरं पोट वर करून तरंगत राहिली. दादांनी तिला हात जोडले आणि होडी वळवली.

एका चपलेने घरी आलो. सोबत आणलेली खाडीच्या पाण्याची बाटली खिडकीत उन्हात ठेवली. दुपारी राहवेना, म्हणून तिच्यात मीटर बुडवला.

आकडा झकास होता. या खेपेला मी तो कोणालाही सांगितला नाही.