गळा धरणारी टेकडी

"मॅडम, मशीन वरतं नाही नेत मी." सलीमभाईनं पायथ्याशीच जेसीबी बंद केला.

"काय झालं? डिझेल संपलं?"

"डिझेल हाय. घरी तीन लेकरंबी हायेत."

मी पाणीपुरवठ्याची अभियंता. अकोट तालुक्यातल्या त्या गावाला पाण्याची टाकी हवी होती. गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे बोअरवेलचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारं. पाइपलाइन गावापर्यंत आली होती. टाकी उंचावर झाली की पाणी आपल्या वजनानं घरोघर पोचणार. आणि त्या सपाट मुलखात उंच जागा एकच, ही टेकडी. तिच्यावर पूर्वी वस्ती होती, ती उठून कैक वर्षं झाली.

टेकडीवर भूत आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ते गळा धरतं. अंगावर ओरखडाही न उमटता माणूस मरतो. म्हणून वर जाणारा प्रत्येक जण माथ्यावर एक दगड टाकतो, भूत खाली दबून राहावं म्हणून. त्या दगडांचा डोक्याएवढा उंच ढीग झाला होता. माथ्यावरची सपाट जागा नेमकी तीच, आणि मी टाकी तिथंच आखली होती.

ग्रामसभेत नामदेवबाबा नावाचे एक म्हातारे शेतकरी उठून म्हणाले होते, "टाकी बांधा बाई, पन ढिगापासून दूर बांधा."

"कारण?"

"ते जागा चांगली नाही."

मी हसले, आणि अहवालात 'अंधश्रद्धेतून विरोध' असं लिहून मोकळी झाले. पाया किती खोल न्यायचा हे ठरवण्यासाठी आधी एक खड्डा खणून खालची जमीन बघतात. त्याला आम्ही ट्रायल पिट म्हणतो. तो टाकीच्या जागेवरच घ्यायचा असतो. पण ढीग हलवायला मजूर तयार होईनात, म्हणून मी तो बाजूच्या उतारावर घेतला. चांगला मुरूम लागला. ढिगाखालीही तोच असणार, असं धरून ड्रॉइंग मंजूर करून घेतलं. ही चूक माझी, भुताची नव्हे.

सलीमभाई हटून बसल्यावर साहेबांना फोन लावला.

"मग भुताची एनओसी घ्या," साहेब म्हणाले. "पण काम आजच सुरू करा."

मी सरळ केबिनमध्ये चढले आणि सलीमभाईच्या बाजूला टेकले. "चला. पहिला गळा माझा."

बाईमाणूस बसल्यावर त्याला नाही म्हणता येईना. आम्ही वर गेलो. मागून काठी टेकत नामदेवबाबा आले आणि ढिगापाशी उभे राहिले.

तासाभरात ढीग बाजूला झाला. खाली एक मोठी फरशी निघाली. बकेटनं ती सरकवली तर खाली विहिरीसारखं काळं तोंड. कुजका, आंबूस वास आला. मजूर दहा पावलं मागं सरले. मला त्यांचा राग आला. एकदाचा यांचा भ्रम फोडायचाच, असं ठरवून मी शिडी खाली सोडायला लावली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

नामदेवबाबांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"भूत नाही म्हनता ना? मंग पयले कंदील सोडा."

त्यांनी येतानाच गोठ्यातला कंदील आणला होता. पेटवून दोरीनं खाली सोडला. दोन पुरुष खोलीवर ज्योत बारीक झाली आणि विझली. वर ओढून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. तिथंच विझला.

मी पायरीवरचा पाय मागं घेतला. ते पेव होतं. जुन्या काळी जमिनीत खोल खड्डा करून धान्य साठवत, त्याला पेव म्हणतात. आत धान्य कुजलं की जड, विषारी हवा तळाशी साचते. तिथं कंदील जळत नाही आणि माणूसही जगत नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"माया मोठा भाऊ उतरला होता. आत जवारी असंल म्हून. त्याले काढाले काका उतरला. दोघंबी जित्ते आले नाही वरतं. गळ टाकून काढलं, तं अंगावर ओरखडाबी नव्हता." बाबा पेवाच्या तोंडाकडेच बघत होते. "मंग बापानं फरशी टाकली अन् पयला दगड ठेवला."

माझा आवाज चढला. "अहो, मग ग्रामसभेत पेव आहे असं सरळ का नाही सांगितलं?"

"पेव हाय म्हटलं तं लोक दाने पाहाले उतरतात, बाई. भूत हाय म्हटलं तं कोनी उतरत नाही."

मनगटावर त्यांची बोटं उमटली होती.

पेव मुरूम-दगडांनी भरून घेतलं. टाकी साठ फूट सरकवली, आणि या वेळी प्रत्येक खांबाच्या जागी ट्रायल पिट घेतला. जागा बदलल्याचं कारण मी लिहिलं, 'पायासाठी जमीन अयोग्य'. साहेबांनी वेळ गेला म्हणून झापलं, ते ऐकून घेतलं. आज गाव गोडं पाणी पितं.

आता नव्या गावात गेले की खड्डा खणण्याआधी विचारते, "तुमचं भूत कुठं राहतं?" लोक हसतात. मी नकाशावर खूण करून घेते.